दगडाची साल

रतनसिंगकाकाच्या माळावर खोदायचं असेल तर आधी पैसे ठेवावे लागत, आणि सख्खी पुतणी म्हणून संगिताला त्यात कसलीही सूट नव्हती. दर पाटीमागे तीस रुपये, पहार हवी असेल तर तिचं भाडं वेगळं. "घरच्याला फुकट दिलं तर बाहेरच्यानं पैसे काहून द्यावं?" असं काका बाजेवर बसून विचारायचा आणि तिच्याकडूनही पैसे घ्यायचा. वर पुन्हा, "चहा घेऊन जा गं बाई," म्हणायचा. चहा मात्र फुकट होता.

माळ तांड्याच्या पाठीशी होता, गोरेगावहून पाऊण तासाच्या वाटेवर. तिथं तूर धड येत नव्हती, कापूस तर नाहीच. येत होते ते दगड, आणि तेही लाकडासारखे दिसणारे. रेषा लाकडाच्या, गाठी लाकडाच्या, उचलायला गेलं की मात्र दगडाचं वजन. तांड्यात त्यांचं कुणालाच नवल नव्हतं. कुणाच्या चुलीला ते लावलेले होते, कुणाच्या न्हाणीत पाय घासायला होते. मग शहाण्णव साली पुण्याची दोन माणसं गाडी घेऊन आली आणि पाटीभर दगडांचे पैसे देऊन गेली. त्या दिवसापासून काकानं माळाला तार मारली आणि फळीवर लिहून घेतलं, 'खोदणाराने आधी मालकाला भेटावे.' पुढं नांदेडहून, औरंगाबादहून, कुठून कुठून दगडांचे शौकीन रविवारी येऊ लागले. टोप्या घालून दिवसभर उकरायचे, चकाकणारे तुकडे निवडून न्यायचे. काका बाजेवरून हलायचा नाही. त्याला शेतीपेक्षा हे बरं होतं.

संगिता राठोड सेनगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होती. लहानपणी याच माळावर तिनं बकऱ्या राखल्या होत्या. चौथीत असताना वर्गात उभं राहून ती म्हणाली होती, "आमच्या माळावर लाकडाचे दगड झाले." गुरुजींनी तिला तासभर बाकावर उभं केलं, वर्ग हसला, आणि त्या तासाची चीड तिच्या मनातून पस्तिसाव्या वर्षापर्यंत गेली नव्हती. आता ती स्वतः मुलांना सांगायची की इथं माणसाच्या आधी, गाईगुरांच्या आधी जंगल होतं, ते गाडलं गेलं आणि त्याचा दगड झाला. मुलं ऐकून घ्यायची. मुख्याध्यापक ऐकून हसायचे, आणि ते हसणं तिला गुरुजींच्या त्या शिक्षेहून जास्त लागायचं.

म्हणून तिनं एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला पत्रं लिहिली. चार. तिसऱ्या पत्रासोबत एक तुकडाही पाठवला. चौथ्यानंतर उत्तर आलं, ते पोस्टकार्डावर. 'नुसते पट्टे गारगोटीलाही असतात. साल शाबूत असलेलं खोड मिळाल्यास कळवावे. जानेवारीत हिंगोलीकडे दौरा आहे, एक दिवस काढता येईल.' खाली सही होती, नाव वाचता येत नव्हतं.

इकडे काकाकडं खडी केंद्रवाला येऊन बसू लागला होता. त्याला अख्खा माळ हवा होता, मशीन लावून सगळा दगड फोडायला. रविवारच्या शौकिनांच्या पाट्यांपेक्षा त्यात पैसा सरळ होता आणि काकाचं त्यात मन बसलं होतं. संगिता रडली नाही, भांडली. शेवटी काका म्हणाला, "त्या संग्रहालयाच्या साहेबाकडून कागद आण की हे लाकूड हाय. ओढ्याकडचा कोपरा सोडतो, मशीन तिकडं जाऊ देत न्हाई. कागद न्हाई आला, तर मग मला सांगू नको."

तेव्हापासून सलग पाच रविवार तिनं खोदलं. त्या पाच रविवारांचं वर्णन करायचं तर चिडचिड या एका शब्दात होईल. साल होती, दगडाला होती, तिनं डोळ्यांनी पाहिली होती. पण ती चुन्यासारखी ठिसूळ. हातोडी बाजूच्या मातीवर मारली तरी हादऱ्यानं गळून पडायची आणि हातात राहायचं ते बोडकं खोड, पट्टेवालं, म्हणजे साहेबाच्या भाषेत गारगोटी. एकदा वीतभर साल लागलेला तुकडा तिनं टॉवेलात गुंडाळून आणला, तर जीपमध्ये शेजारच्या बाईनं त्यावर तेलाचा डबा ठेवला. घरी आल्यावर टॉवेल उघडून ती बराच वेळ त्या भुकटीकडं बघत बसली.

सहाव्या रविवारी तिनं जलालुद्दीनचाचांना सोबत घेतलं.

चाचा गोरेगावचे सुतार. साठी उलटलेले, पाठीत थोडे वाकलेले, आणि लाकडाच्या बाबतीत कुणाचं ऐकून न घेणारे. आसपासच्या गावांत जुनं घर पाडायचं असलं की आधी त्यांना बोलवत, कारण भिंत न पाडता तुळई काढावी तर त्यांनीच. पाचरी मारत, दोर लावत, लेकराला झोपेतून उचलावं तसं ते लाकूड बाहेर काढत. संगिताच्या घराची चौकटही त्यांचीच होती.

माळावर येऊन त्यांनी एक दगड उचलला, थुंकी लावून अंगठ्यानं पुसला, उन्हात तिरका धरला आणि म्हणाले, "हे लाकूडच हाय. दगड कोण म्हणतो?"

"सगळेच म्हणतात, चाचा."

"मग त्यायला लाकूड कळत न्हाई." त्यांनी दगड खाली ठेवला. "कोणतं लाकूड ते मलाबी कळून न्हाई राहिलं. पण लाकूड बराबर."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला असं बिनशर्त हो म्हटलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि ते दिसू नयेत म्हणून ती पहार आणायला गेली.

दुपारपर्यंत त्यांनी ओढ्याच्या कडेला एक खोड मोकळं केलं. दोन हात लांब, मांडीएवढं जाड, आणि सगळीकडून साल. भेगाळलेली, खवल्याखवल्यांची, राखाडी साल, कुठंही गळलेली नाही. चाचांनी हातोडीला हातच लावला नव्हता. लाकडी पाचरी भेगेत बसवून त्यांवर पाणी ओतलं, त्या फुगून दगड सुटेपर्यंत बिडी ओढत बसले, आणि मग दोर टाकून तो ओंडका काकाच्या गड्यासोबत वर घेतला.

"साल आहे, चाचा," संगिता म्हणाली. "पुरी साल आहे."

"हाय ना. दिसून राहिली."

"उद्या साहेबांना दाखवायचंय. मी गोरेगावला जाऊन फोन करते. साहेब हिंगोलीत उतरलेत, त्यांना घेऊनच सकाळी येते. तुमी हे सांभाळा. कुणाला हात लावू देऊ नका."

"मी असताना कोण हात लावतंय? तू बिनघोर जा, बेटा. उद्या माल बघून साहेब खूश झाला पायजे."

ती पळतच उतारावरून खाली गेली, शेवटची जीप पकडायला. सालीला हात लावू नका, असं तिनं चाचांना वेगळं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे तिच्या मनातही आलं नाही. ज्याच्यासाठी सहा रविवार घालवले ते समोर होतं, दोघांना दिसत होतं, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

सोमवारी तिनं रजा टाकली. साहेबांची गाडी साडेनऊला सेनगावच्या स्टँडवर आली. साहेब बारीक, चष्मेवाले, मागच्या गावी काही खाल्लेलं त्यांना बाधलं होतं आणि ते पोटावर हात ठेवून बसले होते. दुपारी त्यांना नांदेडची गाडी गाठायची होती. वाटेत संगितानं सालीचं वर्णन केलं. भेगा कशा, खवले कसे, रंग कसा. साहेब म्हणाले, "तसं असेल तर चांगलंच आहे. बघू या." तेवढ्यानंही तिला वाटलं, आता कागद हातात आल्यासारखाच आहे.

माळावर काका आंघोळ करून, पांढरं धोतर नेसून उभा होता. मिराबाईकाकी डोक्यावरची ओढणी सावरत चहा घेऊन आली. आणि त्यांच्या पुढं, दोन दगडांवर आडवं, दोन्हीकडून पाचर ठोकून पक्कं बसवलेलं ते खोड होतं.

संगिताला आधी वाटलं, हे दुसरंच काहीतरी आहे.

त्यावर साल नव्हती. कुठंच नव्हती. खोड वरून खालपर्यंत तासून गुळगुळीत केलं होतं, त्याला जवसाचं तेल चोपडलं होतं आणि सकाळच्या उन्हात ते नव्या बाजेच्या पायासारखं चकाकत होतं. दोन्ही टोकांना काळंभोर डांबर लावलेलं होतं. शेजारी जलालुद्दीनचाचा उभे होते, धुतलेली टोपी घालून, एक पाय पाचरीला टेकवून. रात्री ते तांड्यातच मुक्कामाला राहिले होते.

"चाचा," ती म्हणाली.

"दोन पटाश्या गेल्या," चाचा अभिमानानं म्हणाले. "धार राहिलीच न्हाई. पण म्हटलं, साहेब येऊन राहिलाय, त्याला काय साल दाखवायची? सालीत कीड ऱ्हाते. अंधार पडेस्तोवर काढली, फटफटताना तेल दिलं. टोकं डांबरानं बंद केली, म्हंजे फुटायची तकलीफ न्हाई."

चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. ओंडका आला की आधी साल काढायची, मग टोकं बंद करायची, मग तेल, मग गिऱ्हाईक. मालाची इज्जत अशीच करतात. त्यांनी संगितासाठी जीव ओतला होता आणि हे तिला तिथं उभ्या उभ्या कळत होतं, म्हणून तर तिला संतापताही येईना. वैऱ्यानं केलं असतं तर निदान ओरडता आलं असतं.

साहेबांनी वाकून खोडावरून बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. त्यांनी ते रुमालाला पुसलं.

"याला तेल लावलंय."

"जवसाचं," चाचा म्हणाले. "अस्सल."

"आणि टोकाला हे काय? आतली वलयं दिसली असती ना इथं."

"डांबर, साहेब. चौकटीच्या पायाला लावतो तेच."

"साहेब, साल होती," संगिता मधे पडली. "काल दुपारपर्यंत होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. यांनी सुतार म्हणून काढली, यांना माहीत नव्हतं."

"बरं. मग ती काढलेली साल कुठं आहे?"

सगळ्यांनी चाचांकडं पाहिलं. चाचांनी मिराबाईकाकीकडं पाहिलं. सुतारानं काढलेली साल घरातल्या बाईला चुलीसाठी द्यायची, हाही रिवाजच. त्यांनी रीतसर पाटीभर साल तिच्या दारात नेऊन ओतली होती.

"चुलीत कुठं जळते ती," काकी म्हणाली. "हसू आलं मला. मग हौदापाशी चिखल हुता, तिथं टाकली. पाय भरत हुते सगळ्यायचे."

संगिता धावत गेली. हौदाभोवती सकाळपासून अख्खा तांडा पाणी भरून गेला होता. बकऱ्या पिऊन गेल्या होत्या, म्हशी गेल्या होत्या. तिनं चिखलात दोन्ही हात घातले. हाताला चिखल लागला, थोडी राखाडी भुकटी लागली, बाकी काही नाही. ते हात तसेच घेऊन ती परत आली आणि साहेबांपुढं धरले. साहेबांनी चष्म्यातून पाहिलं आणि त्यांना तिची कीव आली, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तिला ती कीव नको होती.

"बाई, तुमच्यावर माझा अविश्वास नाही," ते म्हणाले. "पण दगडाला तेल लावून लाकूड म्हणून आणलेला माल मला महिन्यातून दोनदा दाखवतात. मी जे बघितलं तेच लिहू शकतो."

"याचा एक तुकडा फोडून न्या. तपासा."

"तपासायला लावायचं तरी कारण लागतं. एका गारगोटीपायी माझं कुणी ऐकणार नाही." त्यांनी पोटावर हात दाबला, घड्याळ पाहिलं. "फेब्रुवारीत माझी बदली आहे. माझ्यानंतर येणारा इकडं येईल असं वाटत नाही."

काका पुढं सरकला. "साहेब, कागद?"

त्याला कागद हवा होता, तर साहेबांनी दिला. गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून चार ओळी लिहिल्या, तारीख घातली, सही केली, पान फाडून दिलं. काकानं ते संगिताकडं दिलं वाचायला. 'पाहणी केली. नमुना तेल लावून चकाकी दिलेल्या पट्टेदार गारगोटीचा असावा. जीवाश्म असल्याचा पुरावा दिसला नाही.' तिनं ते मोठ्यानं वाचलं. शाळेत वाचते तसं, सावकाश, एकेक शब्द.

"म्हंजे न्हाईच," काका म्हणाला. त्यानं पान घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. तो खूश नव्हता, हेही खरं. "मी आपला शब्द पाळला, पोरी. बुधवारी खडीवाला येऊन राहिला."

साहेबांची गाडी धूळ उडवत गेली. काकी कपबशा गोळा करून घरात गेली. संगिता तिथंच खाली बसली. चाचा उभेच होते. त्यांना काहीतरी बिघडलं एवढं कळलं होतं, काय ते अजून नीट उलगडलं नव्हतं.

"साहेबाला तेल आवडलं न्हाई काय?" त्यांनी विचारलं.

"साल हवी होती, चाचा. साहेबांना फक्त साल हवी होती. लाकडाला साल असते, गारगोटीला नसते. साल बघूनच ते हो म्हणणार होते. आता इथं मशीन येईल आणि सगळी खडी करून टाकेल." इतका वेळ अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "कुणी सांगितलं होतं तुमाला? काहून हात लावला?"

त्यांनी टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली. मग वाकून पाचरी ढिल्या करू लागले.

"राहू द्या आता."

"तू शाळेत नेणार ना हे? गाडीत घालून देतो."

तिला ते खोड बघायचीसुद्धा इच्छा नव्हती. पण तीन पाट्यांचे पैसे काकाला आधीच दिले होते आणि काका ते परत देणारा नव्हता. गड्यानं बैलगाडी जोडून आणली. चाचांनी दोर घातला, गड्यानं एका बाजूनं उचललं, आणि खोड पलटी होऊन गाडीत पडलं.

संगिता उठली.

खोडाच्या खालच्या अंगाला, जे इतका वेळ जमिनीकडं होतं, वाटीएवढी गाठ होती. तिथं कधीकाळी फांदी मोडली असावी आणि झाडानं ती जागा भरून घेताना साल आत दुमडून घेतली होती. पटाशीला तिथं शिरताच आलं नव्हतं. राखाडी, खवल्याखवल्यांची साल, बोटभर जाड, गाठीच्या कडेनं सरळ दगडात उतरलेली. गारगोटीत असलं काही होऊच शकत नव्हतं.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

चाचा ओशाळले. "खोट हाय ती. साल आत गेलेली. असं लाकूड गिऱ्हाईक घेत न्हाई. म्हणून ती बाजू खाली केली हुती." त्यांनी घाईनं हात ठेवून ती जागा झाकली. "साहेबाच्या नजरेला पडू दिली न्हाई मी."

ती तारेपर्यंत पळाली. वाटेवर धूळसुद्धा उरली नव्हती. गाडी पाऊण तासापूर्वी गेली होती, फोन गोरेगावला, साहेब नांदेडच्या वाटेवर. ती तारेला धरून उभी राहिली आणि आपल्याला हसू येतंय की रडू, हे तिला ठरवता येईना. चार पत्रं, सहा रविवार, आणि पुरावा साहेबांच्या बुटापासून हातभर अंतरावर, खाली तोंड करून.

परत आल्यावर तिनं चाचांना समजावून सांगितलं. रागानं नव्हे, राग संपला होता. ही आत गेलेली सालच खरी, बाकी सगळं तासलं तरी चालेल, एवढी खोट साहेबानं पाहिली असती तर ओढ्याकडचा कोपरा तरी वाचला असता. चाचांनी सगळं ऐकलं. मधे एकदाही 'मला काय ठाऊक' असं म्हणाले नाहीत. शेवटी फक्त विचारलं, "शाळेत कशी ठेवशील? खोट वर?"

"वर."

"लोक म्हणतील, जलालुद्दीननं असला माल दिला."

"म्हणू द्या, चाचा."

गाडी निघाली. गोरेगावच्या बाजाराची कमान दिसू लागली तशी चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढून त्या गाठीवर टाकला आणि वर हात ठेवून बसले. संगितानं पाहिलं आणि तसंच राहू दिलं. बाजारात त्यांना ओळखत नाही असं दुकान नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचं खोटीचं लाकूड कुणी पाहिलेलं नव्हतं.

सायकलवाल्याच्या दुकानापाशी गाडी थांबली, पुढं म्हैस आडवी होती. दुकानातून हरिचंद उठून आला. त्याच्या घराचं दार चाचांनीच केलेलं होतं.

"काय नेऊन राहिले, चाचा? लई चकाकून राहिलं."

आणखी दोघे-तिघे जवळ आले. चाचा क्षणभर रुमालावर हात तसाच ठेवून बसले. मग त्यांनी तो उचलला आणि गाठीवर बोट टेकवलं.

"बघा. ही साल हाय," ते म्हणाले. "लाकडाची साल, दगड झालेली. पुऱ्या खोडाला हुती. बाकीची मी काढली."

हरिचंदनं वाकून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. "व्हय की," तो म्हणाला. "सालच हाय."

म्हैस बाजूला झाली. चाचांनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि गड्याला सांगितलं, "चल. पण हळू ने. बाजारातून ने."